'गाढ' म्हणजे नेमकं किती खोल?

प्रश्न विचारणाऱ्या ताई नुकत्याच भाषांतराच्या कामाला लागल्यात. झोप, श्वास वगैरे मोजणाऱ्या एका घड्याळाच्या ॲपचं मराठी करतायत. त्यात 'डीप स्लीप'ला त्यांनी 'गाढ झोप' लिहिलं आणि तपासणाऱ्याने ते खोडून 'खोल झोप' केलं, कारण त्याच फाइलमध्ये पुढे 'डीप ब्रीदिंग'ला 'खोल श्वसन' होतं आणि एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द हवा असा त्यांच्याकडे नियम. तर ताईंचं म्हणणं, गाढचा नेमका अर्थ काय, तो कुठे चालतो, कुठे नाही, आणि मग गहन, सखोल, तीव्र, गडद हे सगळे कशाला आहेत. शेवटी एक शेपूट जोडलंय, 'गाढ अंधार' बरोबर का?

सरळ उत्तर आधी देते. गाढ झोप बरोबर, खोल झोप चूक, आणि चूक म्हणजे 'असू दे, चालतंय' छापाची नाही, वाचणारा अडखळेल अशी. झोप खोल नसते हो. विहीर खोल असते, दरी खोल असते, जखम खोल असते, तापातून उठलेल्या माणसाचे डोळे खोल गेलेले असतात. पण एवढं सांगून तपासणारा ऐकणार नाही, त्याला कारण लागतं, आणि 'कानाला बरं वाटत नाही' हे कारण त्याच्या एक्सेलच्या रकान्यात बसत नाही, हे मी २२ वर्षं प्रूफं वाचून आणि भाषांतरं करून चांगलं शिकलेय. म्हणून जरा लांबण लावते, चहा घेऊन बसा.

गाढ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. धातू आहे गाह्, म्हणजे पाण्यात शिरणं, बुडी मारणं. अवगाहन त्यातलंच, नदीत उतरून केलेली अंघोळ ते अवगाहन, आणि कोणी ग्रंथच्या ग्रंथ पालथे घातले की त्यालाही अवगाहनच म्हणतात. या गाह् ला 'झालेलं' या अर्थाचा त लागला की गाढ होतं. असा ह आणि त भेटले की संस्कृतात बऱ्याचदा ढ तयार होतो, रुह् चं रूढ, मुह् चं मूढ, गुह् चं गूढ. (शाळेतला 'ढ' यांच्यातला नव्हे, तो स्वयंभू आहे.) म्हणजे गाढचा मुळातला अर्थ 'आत शिरलेला, बुडालेला' असा आहे, खोली किती हा मुद्दा त्यात नंतर आला. फरक छोटा वाटतो पण सगळं त्याच्यावरच उभं आहे. खोल हा शब्द पाण्याबद्दल बोलतो आणि गाढ हा पाण्यात गेलेल्या माणसाबद्दल बोलतो.

आता झोपेकडे या. 'पोरगं गाढ झोपलंय' म्हणतो तेव्हा आपण झोपेची उंची-खोली काही मोजत नसतो, पोरगं झोपेत असं गेलंय की हाक मारली तर वर येणार नाही, एवढं सांगायचं असतं. याची खूण हवी असेल तर उलटा शब्द शोधा. खोलच्या उलट उथळ, मग गाढ झोपेच्या उलट उथळ झोप का? कोणी म्हणतं का घरात 'काल माझी झोप उथळ झाली'? आपण म्हणतो त्याची झोप सावध आहे, जरा खुट्ट झालं की उठतो. श्वाननिद्रा म्हणायचे जुने लोक. सावधच्या उलट गाढ! इंग्रजीत झोप खोलीवर मोजतात आणि मराठीत ती जागेपणापासून किती लांब गेली यावर मोजतात, म्हणून ॲपमध्ये मी 'लाइट स्लीप'ला 'हलकी झोप' लिहिते (सावध झोप जास्त बरोबर आहे पण आता शहरातल्या वाचकाला तो शब्द सूचनेसारखा वाटतो, 'सावध! झोप!' असं काहीतरी) आणि 'डीप'ला गाढच.

आणि हो, साखरझोप वेगळी. मला एका घड्याळवाल्यांनी विचारलं होतं की गाढ झोपेला साखरझोप म्हणूया का, गोड वाटतं. नका म्हणू. साखरझोप पहाटेची, उठायच्या आधीची, जी मोडली की माणूस चिडतो. घड्याळं ज्याला डीप स्लीप म्हणतात ती झोपेची तिसरी पायरी असते, मेंदूच्या लाटा मंद झालेली, आणि ती मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात येते, पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते. म्हणजे साखरझोपेत आपण बरेचदा स्वप्नं बघत असतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन होऊन लोक दमून झोपलेले, आणि त्याबद्दल लिहिताना कोणी साखरझोप लिहितं, कोणी गाढ झोप. तिथे मी दोन्ही बरोबर धरते, पहाटेची वेळ सांगायची तर साखरझोप आणि लोकांना उठताच आलं नाही हे सांगायचं तर गाढ. शब्द निवडताना आपण काय सांगतोय ते आधी ठरवावं लागतं, कोश नंतर.

बुडालेला हा अर्थ धरला की गाढचे बाकीचे उपयोग आपोआप लागतात. गाढ मैत्री, गाढ प्रेम, गाढ श्रद्धा, गाढ विश्वास, गाढ अज्ञान, गाढ शांतता. सगळीकडे माणूस कशाच्या तरी आत आहे आणि त्याला बाहेर काढणं अवघड आहे. गाढ अज्ञान तर फारच नेमकं, त्यात असलेल्याला आपण त्यात आहोत हे कळतच नाही. गाढ आलिंगनमध्ये मात्र दुसरी छटा आहे, घट्ट आवळलेलं, मध्ये फट नाही असं, तीही संस्कृतातच होती. पण बोलताना आपण कोणी गाढ आलिंगन देत नाही, कडकडून मिठी मारतो. आणि गाढ मैत्रीसुद्धा लिहिण्यातली, बोलताना 'त्यांची घट्ट मैत्री आहे' किंवा सरळ 'जिगरी दोस्त आहेत'. सबटायटल करताना हे लक्षात ठेवा, कॉलेजातला पोरगा 'आमची मैत्री गाढ आहे' म्हणाला की प्रेक्षक हसतो.

व्याकरणाचं एक सांगून टाकते कारण त्यात माझी स्वतःची फजिती झालीय. गाढ बदलत नाही, गाढ झोप, गाढ प्रेम, गाढ विश्वास, तिन्ही लिंगांत तेच. पण त्याचा एक भाऊ आहे गाढा, तो बदलतो. गाढा विद्वान, गाढे अभ्यासक, गाढ्या पंडिताला. हा माणसांना किंवा त्यांच्या व्यासंगाला लागतो आणि मुख्यतः विद्येच्या बाबतीतच, गाढा स्वयंपाकी कोणी म्हणत नाही. इथेही तेच, ग्रंथात बुडालेला. तर साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेचं प्रूफ माझ्याकडे होतं. मूळ मजकूर 'इतिहासाचे गाढे अभ्यासक'. टाइप करणाऱ्या मुलाने हा शब्द कधी ऐकलेला नव्हता, त्याला वाटलं अक्षर राहिलंय, गाढवे आडनाव असतंच की, त्याने मनाने 'गाढवे' करून टाकलं. आणि मी रात्री साडेअकराला ते प्रूफ वाचलं आणि सोडलं! शंभरेक पत्रिका वाटून झाल्यावर सत्कारमूर्तींचाच फोन आला, ते हसत होते म्हणून मी वाचले. तेव्हापासून गाढे दिसलं की मी बोट ठेवून वाचते. (गाढवाचा गाढशी काही संबंध नाही बरं का, तो गर्दभावरून आलाय. कोणीतरी विचारतंच.)

आता खोल. हा मोजायचा शब्द आहे. देशावर विहीर परसात मोजतात, 'सात परस विहीर आहे', एक परस म्हणजे साधारण एक पुरुष, त्याचे फूट किती ते गावागणिक बदलतं. कोकणात दर्यावर जाणारे वाव म्हणतात, दोन्ही हात पसरले की जेवढं अंतर तेवढा एक वाव, दोर सोडायचा आणि हाताने मोजत ओढायचा. नदी ओलांडताना घोटाभर, गुडघाभर, कमरेएवढं, गळ्याएवढं. म्हणजे खोलच्या मागे नेहमी एक दोर किंवा एक शरीर असतं, जिथे ते टाकून बघता येतं तिथे खोल लागतो. जखमेत मोजता येतं, म्हणून खोल जखम. मुळं किती आत गेली बघता येतं म्हणून खोलवर रुजलेलं. 'त्याचा पाय आणखी खोलात गेला' हेही त्याच चिखलातलं. आणि दोर संपला तरी तळ लागत नाही तिथे अथांग, थांग न लागणारा. झोपेत दोर कुठे सोडणार?

खोलला स जोडून सखोल केला की मात्र तो पाणी सोडतो. सखोल विहीर नसते. सखोल चौकशी, सखोल अभ्यास, सखोल माहिती, म्हणजे वरवरच्या उलट. तपासणाऱ्यांचा लाडका शब्द, कारण 'इन डेप्थ'ला चपखल बसतो. माझी तक्रार एवढीच की 'सखोल चौकशीचे आदेश' इतके वेळा छापून आलंय की आता सखोल वाचलं की चौकशीचं काही होणार नाही असंच वाटतं. हा शब्दाचा दोष नाही.

गहनचं वेगळं. गहन म्हणजे जिथे शिरलात तर वाट सापडत नाही. संस्कृतात गहन म्हणजे दाट जंगलही होतं, गहन वन असं आपण अजून लिहितो. गीतेच्या चौथ्या अध्यायात सतराव्या श्लोकात 'गहना कर्मणो गतिः' आहे, तिथे कर्माची वाट फूटपट्टीने खोल आहे असं म्हणायचं नाहीये, ती समजायला बिकट आहे असं म्हणायचंय. म्हणून गहन विषय, गहन प्रश्न, गहन अर्थ, आणि माणूस गहन विचारात पडतो, कारण हरवतो. गहन झोप नाही. गहन मैत्रीही नाही, मित्राला समजून घ्यायला कोश लागत असेल तर गोष्ट वेगळी. बोलताना तर आपण गहन अर्धा चेष्टेतच वापरतो, 'भाजी काय करायची हा गहन प्रश्न आहे.'

चेष्टेवरून अगाध आठवला. हा गाढचा नातेवाईक वाटतो पण नाही, तिथे ध आहे. गाध म्हणजे पाय टेकतील असं, उतरून जाता येईल असं पाणी, ते जिथे नाही ते अगाध. देवाची लीला अगाध, इथपर्यंत ठीक, पण माणसाचं ज्ञान अगाध म्हटलं की दहातल्या नऊ वेळा टोमणा असतो. एका गौरव अंकात कोणीतरी भक्तिभावाने 'सरांचे अगाध ज्ञान' लिहिलं होतं, मी लाल पेनाने 'गाढा व्यासंग' केलं आणि लेखकाने परत 'अगाध' केलं. छापलं मग तसंच. लोक गाढच्या नादाने 'अगाढ'ही लिहितात, तसा शब्द नाही.

इथपर्यंत झालं खोलीचं, आता जोराचं. म्हणजे तीव्र. या शब्दाने मला जेवढं छळलंय तेवढं कोणी नाही. मुळात धार, बोच, टोक असा त्याचा भाव. तीव्र वेदना, तीव्र इच्छा, तीव्र विरोध, तीव्र उतार. गाण्यात तर तीव्र म्हणजे जोरात गायलेला नव्हेच, यमनातला तीव्र मध्यम हा शुद्ध मध्यमापेक्षा वर चढवलेला, हळू गायला तरी तीव्रच, आणि त्याच्या उलट कोमल. औषधाच्या कागदावर मात्र तीव्रच्या उलट सौम्य. उलटा शब्द बदलला की समजा अर्थ बदललाय, ही माझी जुनी युक्ती आहे.

वैद्यकीय कागदात खरी अडचण ही की इंग्रजीतले 'ॲक्यूट' आणि 'सिव्हिअर' दोन्ही आपण तीव्र करतो. ॲक्यूट म्हणजे अचानक आलेलं, थोड्या काळाचं, त्याच्या उलट जुनाट. सिव्हिअर म्हणजे जोराचं, त्याच्या उलट सौम्य. साधी सर्दीसुद्धा ॲक्यूट असू शकते, सिव्हिअर नाही. आणि दोन्ही एकत्र आले की आपली पंचाईत. अंगणवाडीच्या कामात 'सिव्हिअर ॲक्यूट मालन्यूट्रिशन' असतं, दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेलं सहा महिने ते पाच वर्षांतलं बाळ त्यात येतं. सरळ शब्दाला शब्द लावला तर 'तीव्र तीव्र कुपोषण' होईल! म्हणून कुठे तीव्र, कुठे अतितीव्र लिहितात, आणि अंगणवाडीताई सरळ इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सॅमचं बाळ' म्हणतात, त्याहून कमी कुपोषित ते 'मॅमचं'. मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे. जिथे शब्दाचा घोळ बाळाच्या अंगावर येणार तिथे सॅमच बरा.

याच्याही पुढची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयासाठी ऑपरेशननंतर भरायचा फॉर्म मराठी केला होता. त्यात मी लिहिलं, 'वेदनेची तीव्रता ० ते १० या प्रमाणात नोंदवा.' व्याकरण निर्दोष, टापटीप. छापायच्या आधी वॉर्डात दोन-तीन जणांना विचारून बघू म्हणून गेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या, साताऱ्याकडच्या. सिस्टरनी तो प्रश्न वाचला. आजी म्हणाल्या, "तीव्र म्हंजे?" सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे किती जोरात दुखतंय." आजी जरा विचार करून म्हणाल्या, "दुखत न्हाई वो. ठणका लागलाय रातभर, डोळ्याला डोळा न्हाई." सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. दुखत नाही म्हणजे शून्य लिहायचं? आजींच्या हिशेबात दुखणं वेगळं आणि ठणका वेगळा, ठणका पुष्कळ वरचा.

तिथून परत येताना बसमध्ये मी वहीत लिहीत बसले होते, ठणका, कळ, चमक, सणक, रग, सल, मुरडा, ठुसठुस, जळजळ, हुळहुळणं. मराठीत दुखण्याचा जोर आकड्यात नसतोच, तो जातीत असतो. रग लागली म्हणजे काम जास्त झालंय, बाम लावा, झोपा. कळ आली म्हणजे माणूस जागच्या जागी वाकतो. सल म्हणजे फार नाही पण जातही नाही, म्हणून तर मनातली जी गोष्ट वर्षानुवर्षं टोचत राहते तिला आपण सल म्हणतो, ठणका म्हणत नाही. शेवटी फॉर्मवर असं गेलं, 'किती त्रास होतोय? ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहनच होत नाही', आणि खाली ठणका, कळ, जळजळ वगैरे चौकटी खूण करायला. तीव्रता शब्द पूर्ण काढून टाकला. माझ्या सगळ्या कामात मला सगळ्यात बरं वाटलेलं काम ते.

खोली आणि जोर ही दोन वेगळी मापं आहेत हे भूकंपाच्या बातमीतही दिसतं. तिथे जमिनीखाली केंद्र किती किलोमीटर खोल होतं ते येतं आणि तीव्रता येते, आणि बाकी सगळं सारखं असेल तर केंद्र जितकं खोल तितके वर धक्के कमी, उथळ असेल तर जास्त. किल्लारीचं केंद्र उथळ होतं. म्हणजे 'खोल' आणि 'तीव्र' इथे चक्क उलट दिशेला जातात. शिवाय आपण ज्याला तीव्रता म्हणतो, किल्लारीसाठी ६.२ वगैरे, तो भूकंपाचा एकच आकडा असतो, केंद्रात किती ऊर्जा सुटली त्यावरचा, आणि प्रत्येक गावात प्रत्यक्ष किती हादरलं त्याचं माप वेगळं असतं, ते गावोगाव बदलतं. इंग्रजीत दोघांना दोन शब्द आहेत, आपण दोन्हीला तीव्रताच म्हणतो. हे चालू राहणार, मी भांडणं सोडलंय.

हवामानात तर धमाल आहे. 'डीप डिप्रेशन' हा हवामान खात्याचा ठरलेला शब्द, वाऱ्याचा वेग २८ ते ३३ नॉट असला की, आणि ३४ झाले की चक्रीवादळ, मग त्याला निसर्ग वगैरे नाव मिळतं. मशीनने केलेलं एक भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं होतं, 'बंगालच्या उपसागरात खोल नैराश्य निर्माण झाले आहे'. पाच मिनिटं मी नुसती बघत बसले होते, वाईट वाटलं हो उपसागराचं. मराठीत 'तीव्र' किंवा 'अतितीव्र कमी दाबाचं क्षेत्र' म्हणतात. डीप आहे पण खोल नाही, गाढ नाही, गहनही नाही, तीव्र आहे! हे उदाहरण तुमच्या तपासणाऱ्याला नक्की पाठवा, एका शब्दाला एक शब्द या नियमाचं काय होतं ते त्याला एका ओळीत कळेल.

आता हिंदीकडून येणारा गोंधळ, कारण आजकाल निम्मी भाषांतरं इंग्रजीवरून नाही तर हिंदी फाइल समोर ठेवून होतात. हिंदीत गाढ़ा म्हणजे दाट, घट्ट. त्यामुळे 'दूध गाढे होईपर्यंत उकळा' अशा पाककृती मराठीत फिरतायत. दूध गाढं होत नाही, आटतं आणि दाट होतं. खीर आळते. पिठलं घट्ट किंवा पातळ असतं आणि दोन्हीच्या मधलं हवं तर सरसरीत, भज्यांचं पीठ कसं सरसरीत लागतं तसं. इतके शब्द घरात असताना गाढा कशाला? तसंच 'गाढा रंग', मराठीत गडद रंग, उलट फिकट. 'गाढी कमाई' म्हणजे आपला घामाचा पैसा. 'गहन चिकित्सा कक्ष' हिंदीत ठीक, आपल्याकडे तो अतिदक्षता विभाग आहे, आणि मला तो शब्द फार आवडतो, कारण त्यात खोलीही नाही आणि जोरही नाही, लक्ष ठेवणं आहे. २०२५मध्ये बिहारच्या मतदार याद्यांचं काम निघालं तेव्हा हिंदीत 'विशेष गहन पुनरीक्षण' होतं, मराठी बातम्यांत मी 'सखोल पुनरीक्षण' वाचलं. बरं केलं. गहन पुनरीक्षण म्हणजे जे केल्यावर कोणालाच काही समजत नाही असं पुनरीक्षण, असा मराठीत अर्थ झाला असता, मग त्यावर कोणी काय म्हणायचं ते म्हणो.

रंगाचं अजून एक. 'डीप ग्रीन'ला हिरवागार करू नका. गडद हिरवा म्हणजे काळपटाकडे झुकलेला. हिरवागार म्हणजे पावसानंतरचा डोंगर, तो पोपटी असला तरी हिरवागारच. मराठीत जोर दाखवायला वेगळं विशेषण लागतच नाही बऱ्याचदा, शब्दालाच शेपूट फुटतं, लालभडक, काळाकुट्ट, पिवळाधमक, निळाशार, आंबटढाण, तिखटजाळ, गोडमिट्ट. प्रत्येकाचं शेपूट ठरलेलं, आंबटजाळ म्हणून बघा बरं. थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं, शक्यता दाट. शक्यता दाट का असते याचं उत्तर माझ्याकडे नाही पण गाढ शक्यता लिहिणाऱ्याचं बिल मी पास करणार नाही.

आणि तुमच्या फाइलमधलं बाकीचं. 'डीप ब्रीदिंग'ला खोल श्वसन चालेल, चूक नाही, पण योगाच्या वर्गात दीर्घ श्वास म्हणतात आणि दवाखान्यात छातीवर नळी ठेवून डॉक्टर म्हणतात 'मोठा श्वास घ्या'. घड्याळ हे दवाखान्यापेक्षा योगाच्या वर्गाच्या जवळचं, म्हणून मी दीर्घ श्वास लिहिलं असतं. म्हणजे बघा, ज्या शब्दासाठी तुमची गाढ झोप कापली गेली तोच मुळात बदलता येतो. 'वी आर डीपली सॉरी'ला कृपा करून गाढ दिलगीर लिहू नका, 'मनापासून माफी मागतो' पुरे. तपासणाऱ्याला द्यायला पुरावा हवा तर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघता येतात, गाढ आणि खोल दोन्हींच्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढून जोडा. कोशाचं पान दिसलं की माणसं निम्मी गप्प होतात. उरलेल्यांसाठी माझा उपाय असा, त्यांना म्हणा घरी फोन लावा आणि आईला विचारा, बाळ झोपलंय, हलवलं तरी उठत नाही, तर कसं झोपलंय म्हणशील? एका मॅनेजरने खरंच लावला होता फोन, मीटिंगमध्येच, स्पीकरवर. आई म्हणाली "ढाराढूर". तो शब्द ॲपमध्ये घेता आला नाही, पण खोल झोप त्याच दिवशी गेली.

राहिला गाढ अंधार. चूक नाही, जुन्या लिखाणात सापडतो, आणि अंधारात कोणी पूर्ण वेढला गेलाय असं म्हणायचं असेल तर शोभतोसुद्धा. पण लाइट गेल्यावर जिन्यात जो होतो तो मिट्ट काळोख.